अपडेट करू की राहू दे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. बँकेचं पान उघडलं, प्रिंटरने वीजबिल छापलं, फोटो जागच्या जागी होते. आणि इथेच पंचाईत झाली. ज्या यंत्रात काहीच बिघडलेलं दिसत नाही, त्याच्या मालकाला ‘आता काहीतरी कर’ असं सांगायचं तरी कसं?

या प्रश्नावर घरोघरी दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, चालतंय तोवर हात लावू नका. दुसरा म्हणतो, अपडेट आलं की करून टाका. पहिल्या तटाची बाजू इथे डोंबिवलीचे एक मामा मांडतात. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, सोसायटीचे हिशेब सांभाळणारे, २०१६ सालच्या डेस्कटॉपचे मालक. दुसरी बाजू त्यांची भाची मांडते. ती पुण्यात एका कंपनीच्या आयटी सपोर्टमध्ये आहे आणि लोकांचे अडलेले संगणक सोडवणं हेच तिचं रोजचं काम. दोघंही या लेखापुरते कल्पिलेले, पण त्यांनी एकमेकांच्या तोंडावर फेकलेली उदाहरणं मात्र घडलेली आहेत.

“माझ्या मशीनला काही झालेलं नाही,” मामांनी सुरुवातीलाच बजावलं. “थोडं हळू चालतं, एवढंच.”

“शेवटचं बंद कधी केलं होतंस?”

“रोज रात्री करतो. शट डाउन. एक दिवस चुकलेलो नाही.”

भाचीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. टास्क मॅनेजर उघडला. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूच्या आलेखाखाली ‘अप टाइम’ असं लिहिलं होतं आणि पुढे आकडा होता ४१ दिवसांचा.

“हे चूक आहे,” मामा म्हणाले. “काल रात्री साडेदहाला मी स्वतः बंद केलाय.”

चूक कुणाचीच नव्हती. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि ती बहुतेक संगणकांवर आपोआप चालू असते. शट डाउन केलं की उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात. पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, ज्या अवस्थेत होते त्याच अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात. सकाळी बटण दाबल्यावर तीच अवस्था परत उचलली जाते, म्हणून संगणक लवकर उठतो. पण एखाद्या ड्रायव्हरने तीन आठवड्यांपूर्वी घातलेला गोंधळही त्याच्याबरोबर उठतो. ‘रिस्टार्ट’चं तसं नाही. त्यात सगळं खरोखर पुसून नव्याने सुरू होतं.

“म्हणजे रोज रात्री बंद करून जे होत नाही, ते बंद करून लगेच चालू केल्याने होतं?” मामांना हे काही केल्या पटेना.

“हो. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींवर पहिला उपाय तोच. प्रिंटर सापडत नाही, आवाज येत नाही, वायफाय दिसत नाही. आधी रिस्टार्ट, मग बाकीचं. आठवड्यातून एकदा केलंस तरी पुरे.”

रिस्टार्टनंतर यंत्र जरा हलकं वाटू लागलं, पण सुरू व्हायला लागणारा वेळ काही फारसा कमी झाला नाही. भाची पुन्हा टास्क मॅनेजरकडे वळली. हा प्रोग्रॅम डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने नव्वदच्या दशकात लिहिला आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये तो पहिल्यांदा आला. अडलेला प्रोग्रॅम बंद करण्यापुरताच तो अनेकांना ठाऊक असतो. त्यातला ‘स्टार्टअप’चा भाग मात्र घरच्या माणसाने एकदा तरी वाचावा असा आहे. संगणक सुरू होताना कोण कोण न बोलावता उठून बसतं, त्याची यादी तिथे मिळते. मामांच्या यादीत दोन व्हिडिओ-मीटिंगचे प्रोग्रॅम होते, फेकून दिलेल्या जुन्या प्रिंटरचा साथीदार होता, मोबाइल जोडण्याचं काहीतरी होतं आणि एक फुकट क्लीनर होता.

“क्लीनरला हात लावू नकोस,” मामा घाईने म्हणाले. “तो दर आठवड्याला हजार-बाराशे चुका काढून साफ करतो.”

“दर आठवड्याला हजार चुका होतात, आणि तरी तू म्हणतोस मशीनला काही झालेलं नाही?”

मामा गप्प झाले, आणि भाचीने उदाहरण दिलं. २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या सफाईच्या प्रोग्रॅमची एक आवृत्ती हॅकरांनी कंपनीच्याच यंत्रणेत घुसून आतून दूषित केली. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती अधिकृत वेबसाइटवरून वाटली जात होती आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली. कंपनीने नंतर ती साफ केली, पण त्या महिन्यात लोकांनी स्वच्छतेच्या नावाखाली घाण घरात घेतली होती. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचा साठा, ‘साफ’ करणाऱ्या असल्या साधनांची शिफारस मायक्रोसॉफ्ट स्वतःही करत नाही. रजिस्ट्रीतल्या काही जुन्या ओळी काढून वेग वाढत नाही. चुकीची ओळ गेली तर मात्र प्रोग्रॅम बंद पडतो.

जागा मोकळी करायची तर त्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘स्टोअरेज’, त्यात ‘टेम्पररी फाइल्स’. अपडेटच्या उरलेल्या फायली, रिसायकल बिनमधला कचरा, आधीच्या विंडोजची राहिलेली प्रत, सगळं तिथे आकारासह दिसतं. खूण करताना एकच काळजी घ्यायची: त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही असतं. पुष्कळ लोक पावत्या, प्रवेशपत्रं आणि विम्याची कागदपत्रं तिथेच पडू देतात. त्यावर खूण केली तर तीही जातात.

“आणि माझी एक टीबीची डिस्क ९३१ जीबीच का दाखवते? दुकानदाराने फसवलं?”

“नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. जागा तेवढीच आहे.”

मामांना ही गोष्ट मात्र लगेच समजली. व्याजाची पद्धत बदलली की हप्ता बदलतो, हे त्यांनी लोकांना तीस वर्षं समजावलं होतं.

खरा वाद पेटला तो अपडेटवरून. मामांनी अपडेट शक्य तितकं लांबवत नेलं होतं आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटत नव्हतं.

“२०१८ चा ऑक्टोबर आठव,” ते म्हणाले. “अपडेट आलं आणि लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडाल्या. पेपरात वाचलं होतं मी.”

मामांची आठवण पक्की होती. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या विंडोज १० च्या त्या अपडेटने, ज्यांनी आपली फोल्डर दुसऱ्या जागी वळवून ठेवली होती अशा काही लोकांच्या जुन्या जागेवरच्या फायली पुसल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते अपडेट मागे घेतलं आणि सुधारून १३ नोव्हेंबरला परत आणलं. अशा तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच होत्या, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण ज्याचे लग्नाचे फोटो गेले, त्याला दहा हजारांतले बाकीचे सुखरूप आहेत याचा काय उपयोग?

“आणि १९ जुलै २०२४?” मामांनी दुसरा घाव घातला. “सगळीकडे निळे पडदे. आपल्याकडे विमानतळावर पेनाने लिहून बोर्डिंग पास दिले.”

“तेही खरं. पण ते विंडोजचं अपडेट नव्हतं, मामा. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं. मोठमोठ्या कंपन्या ते घेतात. जवळपास ८५ लाख संगणक पडले. पण घरच्या संगणकावर ते सॉफ्टवेअर नसतंच.”

“अपडेट ते अपडेट. बाहेरून काहीतरी येतं आणि चालतं मशीन बसतं.”

या वाक्यात तथ्य नाही असं भाचीलाही म्हणता आलं नाही. म्हणून तिने दुसरी बाजू मांडली. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाला ठिगळ दिलं. हे भोक फायली वाटून घेण्याच्या जुन्या सोयीत होतं आणि ते वापरण्याचं हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून फुटून बाहेर आलं होतं. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच भोकातून सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. फायलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी बिटकॉइन मागायचे, असा त्याचा खाक्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे १९,००० भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यात सापडले.

“हे सगळे लोक वाईट होते का? आळशी होते का? तुझ्यासारखेच होते,” भाची म्हणाली. “मशीन चालत होतं, म्हणून हात लावला नाही. ठिगळ दोन महिने दारात येऊन पडलं होतं.”

“मग मी काय करू? लगेच घेतलं तर २०१८ होतं, नाही घेतलं तर २०१७ होतं.”

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोन्ही टोकांच्या मध्ये आहे. मायक्रोसॉफ्ट आपली मासिक ठिगळं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देतं. २००३ पासूनचा हा शिरस्ता. अमेरिकेतल्या सकाळी ती निघतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा. मे २०१९ च्या अपडेटपासून घरगुती आवृत्तीतही ‘अपडेट सात दिवस थांबवा’ असं बटण मिळालं आहे. ठिगळं निघाल्यावरच्या बुधवारी ते दाबावं आणि आठवडाभर थांबावं. मोठी चूक असेल तर तेवढ्यात जगभर बोभाटा होतो आणि कंपनी अपडेट मागे घेते. पुढच्या बुधवारी मात्र बटण पुन्हा दाबू नये. सात दिवस म्हणजे सावधपणा. सत्तर दिवस म्हणजे वॉनाक्राय.

अपडेट चालू असताना वीज जाणं हा आपल्याकडचा खास धोका. डेस्कटॉपला यूपीएस असेल आणि त्याची बॅटरी मेलेली नसेल तर चिंता नाही. नसेल, तर पावसाळ्यात ढग गडगडत असताना ‘अपडेट अँड रिस्टार्ट’ दाबण्यात शहाणपण नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसावं.

मामा थोडे नरमले, पण त्यांची खरी अडचण वेगळीच निघाली. ती अपडेटची नव्हती, अक्षरांची होती.

मंडळाच्या स्मरणिका, सोसायटीच्या नोटिसा, त्यांच्या वडिलांच्या आठवणींची दीडशे पानं, सगळं श्रीलिपीत टाइप केलेलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ही प्रणाली एके काळी मराठी छपाईचा कणाच होती. पण त्या काळच्या फायलींत ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. एका रोमन अक्षराच्या जागेवर ‘क’चा आकार बसवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की मराठी गायब होऊन निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसतात.

“नवीन मशीन घेतलं आणि हे उघडलं नाही तर? तुझी सुरक्षितता मला नको.”

“आणि ही हार्ड डिस्क उद्या गेली तर?”

“जाणार नाही.”

“दहा वर्षं झाली तिला.”

मामांची भीती खरी होती आणि तिच्यावर उपायही होता. अशा फायली युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षर हे अक्षर म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. रफार आणि जोडाक्षरं कधी कधी विस्कटतात, म्हणून बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं. शिवाय मूळ फाइल छापून किंवा पीडीएफ करून ठेवली की आकार तरी कायम राहतो. नवं लिहिण्यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. मे २०१९ पासून विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आलेला आहे: इंग्रजी कळांवर उच्चाराप्रमाणे टाइप करायचं, समोर देवनागरी उमटतं. ज्यांचा हात इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर बसला आहे त्यांना तोही मिळतो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. त्यात लिहिलेलं मोबाइलवर, ईमेलमध्ये आणि दुसऱ्या कुठल्याही संगणकावर मराठीच राहतं.

दीडशे पानांच्या उल्लेखावरून गाडी बॅकअपकडे वळली. इथे भाचीला वाटलं होतं त्याहून उलटंच घडलं.

“बॅकअप मला शिकवू नकोस,” मामा म्हणाले. “शाखेत संगणक आले तेव्हा रोज संध्याकाळी दिवसअखेर झाली की बॅकअप घ्यायचो. एक प्रत तिजोरीत आणि एक दुसऱ्या शाखेत. पावसात शाखा बुडाली तरी दुसऱ्या दिवशी खाती उघडली पाहिजेत, असा नियम होता.”

“मग घरी?”

घरी मात्र काहीच नव्हतं.

मामांच्या शाखेचा नियम छायाचित्रकारांच्या जगात ‘३-२-१’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रुजवला. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घरच्या माणसासाठी त्याचा सरळ अर्थ असा: एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, वनड्राइव्ह ५ जीबी. फोटोंना ती अपुरी पडेल, पण कागदपत्रांना आणि वडिलांच्या आठवणींना पुरून उरेल.

इथे एक फसवी जागा आहे. वनड्राइव्ह किंवा तत्सम सोय फायली दोन्हीकडे सारख्या ठेवते, म्हणजे संगणकावर पुसलेली फाइल काही वेळात तिकडेही पुसली जाते. रिसायकल बिनमध्ये ती ठरावीक दिवस सापडते, नंतर नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबून ‘बॅकअप आहे’ असं म्हणता येत नाही. यूएसबी डिस्कचंही तसंच. ती कायम जोडून ठेवली तर खंडणीखोर प्रोग्रॅम तिच्यावरच्या फायलींनाही कुलूप घालतो. प्रत काढायची, डिस्क सोडवायची, कपाटात ठेवायची.

सोडवून ठेवलेल्या प्रतीची किंमत काय असते ते २७ जून २०१७ ला जगाला कळलं. ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमध्ये सुटला आणि तिथून मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या सगळ्या जाळ्यात पसरला. मुंबईशेजारच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं, याच समूहाच्या हातातलं एक टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या जाळ्यात कुणी, कुठे, कशावर काम करायचं याची नोंद ठेवणारे जे मुख्य सर्व्हर होते, ते एकमेकांची प्रत ठेवत असत. त्यामुळे सगळे एकदमच गेले. फक्त एक वाचला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. तिथलं इंटरनेट इतकं मंद की ती माहिती पाठवणं अशक्य. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकाने डिस्क नायजेरियात नेली, दुसऱ्याच्या हाती दिली, आणि ती लंडनला पोचली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे राहिले.

“बघ,” मामा उसळून म्हणाले. “वीज गेली म्हणून वाचले! आणि हा नॉटपेट्या शिरला कसा?”

भाचीला उत्तर द्यावंच लागलं. तो युक्रेनमधल्या एका लोकप्रिय हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट सर्व्हर ताब्यात घेतला होता.

“म्हणजे अपडेट घेणारेच मेले.”

“सुरुवात तिथून झाली. पण पुढे तो पसरला त्यात वॉनाक्रायचं तेच भोकही होतं. मार्चचं ठिगळ जूनमध्येही न लावलेल्यांनी त्याला वाट दिली.”

या एका घटनेत दोघांनाही आपापला पुरावा सापडला. आणि दोघांनाही एक गोष्ट नाकारता आली नाही: अपडेट करणारा आणि न करणारा, दोघेही बुडू शकतात. परत उभा राहतो तो वेगळी ठेवलेली प्रत असलेला.

सुरक्षिततेच्या बाकीच्या गोष्टींत मामा काही ठिकाणी मागे होते, तर एका ठिकाणी चक्क पुढे.

मागे होते ते फायलींच्या शेपटांबाबत. फाइलच्या नावापुढची तीन-चार अक्षरं विंडोज आपोआप लपवतं. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने याचाच फायदा घेतला. आलेली फाइल साधा मजकूर आहे असं दिसायचं. लपलेल्या शेपटात मात्र ती चालू शकणारा प्रोग्रॅम असल्याची खूण होती. लोकांनी प्रेमपत्र म्हणून उघडलं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू केलं की हे शेपूट दिसू लागतं. बिलाच्या फाइलीचा शेवट ‘.ईएक्सई’ असा असेल तर ते बिल नव्हे. मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या ‘.एपीके’ फायलींची जातकुळीही तीच.

दुसरी गोष्ट अँटिव्हायरसची. मामांनी एक विकत घेतलेला आणि एक फुकटातला, असे दोन टाकले होते. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्याच पायांत येतात आणि संगणक आणखी मंद करतात. विंडोज ८ पासून डिफेंडर आतच असतो. साध्या घरगुती वापराला तो पुरतो. दुसरा कुणी विकत घेतलाच तर डिफेंडर आपणहून बाजूला होतो. एकच ठेवावा आणि तो चालू आहे याची खात्री करावी.

तिसरी गोष्ट फोनची. “मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या संगणकात व्हायरस आहे,” असं म्हणणारा माणूस मायक्रोसॉफ्टचा नसतो. कंपनी असे फोन करत नाही. तो एखादा प्रोग्रॅम टाकायला सांगेल आणि तुमचा पडदा आपल्या ताब्यात घेईल. मग विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल खुणा दाखवून घाबरवेल; त्या खुणा धडधाकट संगणकातही असतात. फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवायचं, कारण पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

“आणि हे काय?” भाचीने टेबलाच्या खणातली निळ्या कव्हरची वही उचलली. पासवर्डांची.

“ओरडू नकोस. माझ्या लक्षात राहत नाही.”

ती ओरडली नाही. घरात कुलपात ठेवलेली वही हॅकरला दिसत नाही. ब्रूस श्नायर या नामांकित सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्येच लोकांना सांगितलं होतं की लांबलचक पासवर्ड ठेवा आणि खुशाल कागदावर लिहा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा हा नियमही मोडीत निघाला आहे. २००३ मध्ये तो अमेरिकी मानकांत लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. लोक शेवटचा आकडा तेवढा बदलत होते. प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड असला की झालं. सगळीकडे एकच पासवर्ड वापरणाऱ्या तरुणापेक्षा वहीवाले मामा अधिक सुरक्षित होते.

भाचीने त्या वहीत एक पान मात्र वाढवायला सांगितलं. नवे विंडोज ११ चे संगणक मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की पुष्कळदा डिस्क आपोआप सांकेतिक करतात. मदरबोर्ड बदलला किंवा एखादी सेटिंग हलली तर संगणक ४८ अंकांची ‘रिकव्हरी की’ मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण खात्याचाच पासवर्ड आठवत नसेल तर डिस्कवरचं सगळं कायमचं बंद. संगणक विकत घेतला त्याच दिवशी ती वहीत उतरून घ्यावी.

उरला प्रश्न या २०१६ च्या यंत्राचा. त्यातला प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. “चांगलं मशीन भंगारात काढायला लावतात,” ही मामांची तक्रार जगभरातल्या ग्राहकांचीही आहे, आणि भाचीने ती खोडून काढली नाही.

पर्याय तीन. पहिला, विंडोज १० वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करणं. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जची प्रत क्लाउडवर ठेवू दिली तर ही नोंदणी फुकट होते; नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट. त्यात नवं काही मिळत नाही, फक्त ठिगळं मिळतात. दुसरा, लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली. ती पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. ब्राउझर, ईमेल, पत्र आणि हिशेबाचे तक्ते एवढंच काम असेल तर ती पुरते; केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. मामांच्या श्रीलिपीला मात्र ती उपयोगाची नाही. तिसरा, नवं यंत्र. यांपैकी काहीही ठरलं तरी मधल्या काळासाठी एक खर्च सार्थकी लागतो: जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं. मामांचं यंत्र हळू होतं ते मुख्यतः त्या डिस्कमुळे. आणि जुनी डिस्क यूएसबीने जोडता येणाऱ्या पेटीत घातली की बॅकअपची एक प्रत आयतीच मिळते, निदान ती टिकेल तोवर.

मामांनी पहिला पर्याय घेतला, सोबत एसएसडी. भाचीने सात दिवस थांबण्याची त्यांची अट मान्य केली.

निकाल द्यायचाच तर तो असा. ‘हात लावू नका’ आणि ‘लगेच अपडेट करा’ या दोन्ही सल्ल्यांना एकच पूर्वअट आहे: वेगळी ठेवलेली प्रत. ती असेल तर बिघडलेलं अपडेट म्हणजे एका रविवारचा खोळंबा; ती नसेल तर दोन्ही बाजूंची हुशारी फुकट. म्हणून क्रम लक्षात ठेवावा: आधी बॅकअप, मग रिस्टार्ट, मग अपडेट. विंडोज १० वापरणाऱ्यांनी त्यानंतर ‘विंडोज अपडेट’च्या पानावर जाऊन वाढीव सुरक्षेची नोंदणी झाली आहे का ते तपासावं. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने तिची जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.